ढोल, एक नग

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ माझी नाही, गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरातली आहे. ‘टेम्पो. सामान बाहेर. ढोल, एक नग.’

ढोल! माझ्या ड्रमकिटचा बास ड्रम आहे तो — पायाने वाजवायचा, सगळ्यात मोठा, बावीस इंची. साठ-बासष्ट सालचा, विलायतेहून आलेला. आणि रजिस्टरात तो ‘नग’.

काल दुपारी त्याला नवं आवरण चिकटवलं. सनमायका चिकटवतात त्या पिवळ्या गोंदाने. तो वास घरात ठेवण्यासारखा नसतो, त्यात ह्यांना दमा. म्हणून आम्ही दोघांनी मिळून तो गच्चीत नेला, पाण्याच्या टाकीखाली, कोरड्या जागी ठेवला. वर चिठ्ठी लावली — ‘चोवीस तास हलवू नये. दीपमाला दिघे, फ्लॅट सात.’ खाली फोन नंबर. आज मी कॅम्पात शाळेतल्या मैत्रिणीकडे, मुमताजकडे गेले होते. साडेबाराला परत आले, तशीच गच्चीत गेले. टाकीखाली फक्त चिठ्ठी. घडी घालून विटेखाली ठेवलेली, उडू नये म्हणून. चोर एवढा टापटिपीचा!

वॉचमन म्हणतो, ढोल पथकाची दोन माणसं होती, पिवळे टी-शर्ट, कुठलं पथक ते पाहिलं नाही. “वरून दिलंय” म्हणाली. वरून म्हणजे कुठून? आज सोसायटीची गच्ची साफ करण्याचा दिवस. नोटीस सेक्रेटरींच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या पुष्करच्या सहीची. ‘बेवारस सामान हलवले जाईल.’ नाव-पत्ता-फोन लिहिलेली वस्तू बेवारस कशी होते, ते त्यांनाच विचारते.

हे म्हणाले, “आधी दोन घास खाऊन घे. जाऊ दे, सापडेल.”

सिस्टर बेनेडिक्टा शाळेत सांगायच्या, तक्रार म्हणजे तारीख, वेळ आणि सही. बाकीची नुसती रड. टेलिफोनच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं मी तेच केलं. इथेही तेच करणार.

सोमवार, ४ ऑगस्ट

पुष्करच्या दारात गेले. कानात यंत्र, हातात लॅपटॉप, अर्ध्या चड्डीत ऑफिस. “काकू, कॉलवर आहे, प्लीज मेल टाका ना.” दार बंद.

मेल नाही टाकणार. कागदावर लिहिलं, मोजून अकरा ओळी. लेखी उत्तराची मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच. माझे गुडघे आज जिन्याला नाही म्हणत होते. हे म्हणाले, “मी देतो नेऊन, खाली चाललोच आहे.” पत्र वर द्यायचं आणि हे खाली चाललेले, पण असो. दिलं त्यांच्याकडे.

सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. उत्तरादाखल नऊ जोडलेले हात आणि एक केक (दहा नंबरमधल्या बाळाचा वाढदिवस). पुष्करचा अंगठा आणि ‘विल चेक’. आणि पाच नंबरवाल्यांचा प्रश्न — ‘रावसाहेबांचा ढोल मिळाला का?’

रावसाहेबांचा! नवऱ्याच्या नावावर गॅस आहे, वीजबिल आहे, घर आहे. आता माझा ड्रमही गेला.

मंगळवार, ५ ऑगस्ट

तीन महिन्यांत भेटेल तो विचारतो, हे ड्रमकिट कोणाचं? मुलाचं का? भावाचं का? एका गृहस्थांनी तर “दिवंगत कोणाचं आहे का?” असं हळू आवाजात विचारलं.

माझं आहे. १९७२ साली कॅम्पातल्या एका हॉटेलच्या बँडमधला ड्रमर ऑस्ट्रेलियाला चालला होता, त्याच्याकडून वडिलांनी मला घेऊन दिलं. सतरा वर्षांची होते. वडील म्हणाले, “हवं तेवढं बडव, पण जेवायला वेळेवर यायचं.” आम्ही कॉन्व्हेंटच्या चौघी — मुमताज गिटार वाजवायची आणि गायची, मी ड्रमवर. बाकीच्या दोघींपैकी एक कॅनडात, एक आता नाही. चार-पाच वर्षं वाजवलं. लोक मुमताजला ऐकायला यायचे आणि मला बघायला. मुलगी पाय फाकून बसून ड्रम बडवते, हा चमत्कार बघायला.

१९७९ ला लग्न. हे म्हणाले, दोन खोल्यांत मावणार नाही, नंतर आणू. किट नारायण पेठेत भावाच्या माळ्यावर राहिलं. ‘नंतर’ या मे महिन्यात आलं — भावाने जागा विकली आणि माळा रिकामा करायला सांगितला म्हणून.

२३ ऑगस्टला, शनिवारी, शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा आहे. मुमताज आणि मी तीन गाणी वाजवणार आहोत. म्हणून तर हा सगळा खटाटोप. बास ड्रम नसेल तर मी तिथे जाऊन काय करू, झांजा वाजवू?

मेळाव्याचं कळलं तेव्हा ह्यांनी एकदाच विचारलं होतं — “म्हणजे, स्टेजवर?” मी म्हटलं, नाही, स्टेजखाली. तिथे विषय संपला.

बुधवार, ६ ऑगस्ट

ग्रुपवर नवी नोटीस. ‘फ्लॅट सातमधून दुपारी येणाऱ्या ध्वनीबद्दल तक्रार.’ ध्वनी म्हणजे बाकीचे ड्रम दुरुस्त करतानाची माझी लाकडी हातोडी, दिवसातून वीस मिनिटं. अजून एक ठोका वाजवलेला नाही मी! आणि रोज संध्याकाळी नदीकडून पन्नास ढोल स्वारगेट ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात येतात, त्याला संस्कृती म्हणतात.

मी काम थांबवणार नाही. उलट उद्यापासून रोज अर्धा तास जास्त.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज छोटा टॉम, बास ड्रमच्या वर बसतो तो. जुनं आवरण शिंपल्यासारखं पांढरं होतं एके काळी. आता म्हाताऱ्या दातांसारखं पिवळं, जागोजाग तडकलेलं. आधी सगळे स्क्रू आणि पडदा ताणून धरणारे पितळी कान उतरवायचे. ते मी गोळ्यांच्या डबीत ठेवते, सोमवार ते रविवार, एकेका ड्रमला एकेक वार. मग केस वाळवायचं यंत्र. हे यंत्र धरतात, मी पातळ पत्र्याने कड उचकटते. गरम झालं की गोंद सोडतो. ह्यांचा हात अजिबात हलत नाही. पाटबंधारे खात्यात नकाशे काढलेला हात. “बघ, संत्र्याच्या सालीसारखं येतंय,” म्हणाले. त्यांना मनापासून आवडतं हे काम, तेवढं मी त्यांच्या नावावर जमा धरते.

खालचं लाकूड सुरेख निघालं. पॉलिशकागद, मग गोंद — लाकडालाही, आवरणालाही. वीस मिनिटं थांबायचं, बोटाची पाठ लावली तर चिकटली नाही पाहिजे. मग एकदाच टेकवायचं. चुकलं तर चुकलं, हा गोंद दुसरी संधी देत नाही. वरून लाटणं फिरवायचं, मधून कडेकडे. सांधा कानांच्या रांगेखाली लपतो.

सगळं नीट झालं आणि वरचा पडदा बसेना! मी आवरण थेट काठापर्यंत नेलं. काठाखाली बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी सोडायची असते, नाहीतर जाडी वाढते आणि पडद्याची कडी अडकते. माहीत होतं. मन पुष्करच्या पत्रात होतं. चूक माझी, तारीख टाकून लिहून ठेवते. दोन तास पात्याने काठ तासत बसले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पाच वाजून गेले. उत्तर नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

दुसरं पत्र. या वेळी सोळा ओळी, मुदत बुधवार, संध्याकाळी पाच आणि खाली ‘प्रत: उपनिबंधक, सहकारी संस्था’. प्रत पाठवलेली नाही अजून, पण दिसायला बरी दिसते. पुन्हा ह्यांनीच नेऊन दिलं. आल्यावर म्हणाले, एवढं ताणू नकोस, याच इमारतीत राहायचंय आपल्याला. मी म्हटलं, म्हणूनच ताणतेय.

मुमताजचा फोन. तिचा भाचा तालिब वाजवतो, त्याचा बास ड्रम मागून आणू म्हणाली. मी नको म्हटलं. “दीपू, तीन गाण्यांचा प्रश्न आहे, जिद्द कशाला?” म्हणाली. मी सांगितलं, इतक्या वर्षांनी वाजवणार तर माझा पाय माझ्याच ड्रमवर पडेल. तिने हात टेकले. मग म्हणाली, “ठीक आहे मेरी मां. उद्या दहाला खाली उभी राहा, नदीवर जाऊ.”

रविवार, १० ऑगस्ट

मुमताजची स्कूटर. सत्तर वर्षांची बाई हेल्मेट घालून पुलाखालच्या उतारावर अशी उतरली की मी मागे डोळे मिटून बसले.

नदीपात्रात पथकांच्या शेडच शेड. पत्रे, बांबू, ताडपत्री. आज तीन बघितल्या. पहिल्या ठिकाणी आम्हाला देणगीदार समजून खुर्च्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणी एका पोरीने विचारलं, “आजी, नाव नोंदवायचंय का? ज्येष्ठांची तुकडी पण आहे.” मुमताज हसून हसून खोकायला लागली. मी सांगितलं, मी वाजवायला नाही, माझा ड्रम न्यायला आलेय. पिवळे टी-शर्ट मात्र तिन्हीकडे नव्हते.

घरी आले तर ह्यांनी पोळ्या लाटून ठेवल्या होत्या. वाकड्या, पण होत्या. “मिळाला का?” विचारलं. नाही म्हटलं तर म्हणाले, “दमली असशील, उद्यापासून नको जाऊस.”

मंगळवार, १२ ऑगस्ट

आणखी चार शेड. पिवळे एकीकडे मिळाले, पण ते लेझीमवाले. गुडघ्यांना शेक.

बुधवार, १३ ऑगस्ट

पाचची मुदत संपली. दुसऱ्या पत्रालाही उत्तर नाही. स्नेअर, म्हणजे दोन गुडघ्यांमधला ड्रम, पूर्ण झाला. फार सुंदर दिसतो आहे. चंदेरी चमकी, उन्हात ठेवला की भिंतीवर कवडसे. ह्यांनी बराच वेळ हातात धरून बघितला आणि खाली ठेवला.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन. राष्ट्रगीत संपेपर्यंत थांबले, तेवढी शिस्त मला आहे. मग पेढे वाटायला सुरुवात झाली तशी पुष्करसमोर उभी राहिले. सगळ्यांसमोर विचारलं, दोन पत्रं दिली, दोन मुदती गेल्या, उत्तर कुठे आहे?

“कुठलं पत्र, काकू?” असा निष्पाप चेहरा!

मी म्हटलं, एखाद्याची वस्तू परस्पर देऊन टाकायला एक निर्लज्जपणा लागतो आणि पत्र मिळालंच नाही म्हणायला दुसरा; तुमच्याकडे दोन्ही आहेत. पाच नंबरवाले पेढा तोंडात धरून थांबले. पुष्कर लाल झाला. म्हणाला, “काकू, आय स्वेअर, मी त्या दिवशी गच्चीत गेलोच नाही. साफसफाईवाले दोन वाजता आले.”

अकरा चाळीसला वस्तू गेली आणि साफसफाई दोनला? बचावही धड करता येत नाही. मी तेही सुनावलं.

हे मागे उभे होते. माझी बाही ओढून म्हणाले, “चल घरी.” मी गेले नाही. पेढाही घेतला नाही. बिल्डिंगीत आता कोणी बोलणार नाही बहुधा. न बोलोत.

शनिवार, १६ ऑगस्ट

सापडला.

पुलापलीकडची शेवटची शेड. पिवळे टी-शर्ट पत्र्याखाली दोरीवर वाळत होते. आत एक पन्नाशीचे गृहस्थ ढोलाची दोरी ओढून बांधत बसले होते. बद्रीनाथ नाव. वाशिमकडचे, बारा वर्षं याच पथकाचे ढोल सांभाळतात. मी काही विचारायच्या आतच मुमताजने माझा दंड धरला. कोपऱ्यात माझा ड्रम, आडवा, आणि त्याच्यावर पाण्याचा माठ. चंदेरी आवरणावरून पाणी ओघळत होतं.

मी सरळ माठ उचलायला गेले. बद्रीनाथ धावले, माठ त्यांनीच उतरवला.

“तुमचा हाय का, मावशी? मला आलं तवाच वाटलं, ह्यो ढोल न्हाई. याला भोकं हायेत, दोरी कुठं ओवायची? पन दिलेली वस्तू टाकता येत न्हाई. म्हून माठाला घेतला.”

मी आतून हात फिरवला. लाकडावर पाण्याचा एक काळा गोल, बाकी शाबूत. त्यांनीही बोटांनी टकटक केली, कान लावला. चांगलं लाकूड आहे म्हणाले, आजकाल असं मिळत नाही. दोन आठवड्यांत या ड्रमबद्दल पहिल्यांदा कोणी शहाण्यासारखं बोललं. मी त्यांना विचारलं, हा तुम्हाला सोसायटीच्या सेक्रेटरीने दिला ना? मला ते लेखी हवंय.

“शेक्रेटरी न्हाई. एक वयस्कर सायेब व्हते. जुना ढोल हाय, घेऊन जा म्हणून फोन केला. गच्चीवर सोता हात लावला त्यांनी, जिन्यापोतूर. लई चांगला माणूस. धाप लागत व्हती, तरी सोडंना. नाव टाकू का म्हणलं तर बिलकूल नको म्हणले. पन आमची रीत हाय मावशी. दिलेल्या ढोलावर देणाऱ्याचं नाव टाकायचंच, न्हाईतर उद्या कोनी चोरीचा म्हणंल. फोनवर नाव उमटलं व्हतंच, टाकलं तेच.”

आणि त्यांनी ड्रम फिरवला. भिंतीकडच्या बाजूला तांबड्या ऑइलपेंटने, ठसठशीत, वळणदार अक्षरात:

सप्रेम भेट — श्री. रावसाहेब दिघे.

मुमताजने वाचलं. मग तिने माझ्याकडे बघितलं नाही, नदीकडे बघितलं.

म्हणजे पुष्कर खरं बोलत होता. गच्चीत गेला नव्हता. पत्रं त्याला मिळालीच नव्हती, कारण ती ज्यांच्या हाती दिली ते खालीच चालले होते.

रिक्षा केली. ड्रम मांडीवर घेऊन आले. बैठकीत ठेवला, ह्यांच्या खुर्चीसमोर, नाव त्यांच्याकडे करून. ह्यांनी चष्मा लावला. काढला. मग उठून गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागले. सकाळपासून पाऊस लागलेला आहे.

जेवायला बसलो. ह्यांनी आमटी पुढे सरकवली तेवढी.

रविवार, १७ ऑगस्ट, सकाळी साडेसात

पुष्करला माफीचं पत्र दिलं. स्वतः जिना चढून, त्याच्या हातात, पोच घेऊन. मी लेखी मागते, तशी लेखी देतेही.

दुसरं पत्र ह्यांच्या चहाच्या बशीखाली ठेवलं आहे. नक्कल इथे:

‘श्री. रावसाहेब दिघे यांस,

दि. ३ ऑगस्ट रोजी सकाळी ११.४० वाजता माझा ड्रम आपण का दिलात? कारण काहीही असेल — लोक, स्टेज, माझे गुडघे, तुमचा दमा — पण खरं असावं आणि तुमच्या अक्षरात असावं. “जाऊ दे” हे उत्तर धरलं जाणार नाही.

आवरणाचा एक तुकडा शिल्लक आहे. उत्तर वेळेत आलं तर नाव झाकीन, तेव्हा यंत्र तुम्हीच धरायचं. नाही आलं तर शनिवारी ड्रम आहे तसा स्टेजवर जाईल, नाव प्रेक्षकांकडे करून.

तोंडी काही ऐकलं जाणार नाही. लेखी उत्तर मंगळवार, १९ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत.

— दीपमाला’